दोन्हीकडे बघ

शाळा सुटली, तशी मुलांना न्यायला आलेल्या बिनचालकांच्या गाड्यांनी रस्ता भरून गेला. मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या शिल्पाताईंनी आपल्या नातीला, अन्वीला, कडेलाच धरून ठेवलं.

"आधी दोन्हीकडे बघ."

"कशाला, आजी? गाड्या बघतात ना."

"उद्या मामाच्या गावी जायचंय. तिथले टेम्पो अजून माणसं चालवतात बाई."

"मग? माणसांना डोळे नसतात?"

अन्वीने हात सोडवून घेतला, डोळे घट्ट मिटले आणि भर रहदारीत धावत सुटली. शिल्पाताईंची शिट्टी ओठांपर्यंत पोचायच्या आत सगळ्या गाड्या अदबीनं थांबल्या.

"बघ, थांबल्या की नाही?" पलीकडून अन्वी हसली.

थांबल्या होत्या खऱ्या. शिल्पाताईंना वाटलं, एखादीनं निदान कर्कश हॉर्न वाजवून पोरीला दचकवायला तरी हवं होतं.