मलमलीचं कापड

हौदातली माशांची पिल्लं सकाळपासून वर येऊन तोंडं उघडत होती. आठवड्यापूर्वी आणली तेव्हा जिऱ्याएवढी होती, आता कुठे त्यांचे डोळे दिसायला लागले होते. काही काठाला पोट वर करून पडली होती. देवमननं ओंजळभर पाणी उचललं तर ते बोटांना बुळबुळीत लागलं आणि सडक्या अंबाडीसारखा वास आला. त्यात काळे किडे सुळसुळत होते. एका किड्यानं पिल्लू मधोमध धरलं होतं आणि ते अजून वळवळत होतं. देवमनला शिसारी आली. त्यानं ओंजळ लांब झटकली.

पाणी बदलायलाच हवं होतं, आणि तेही आजच. पाणी मिळायचं ते शेजारच्या नाल्याचं, आणि पावसाळ्यातला नाला म्हणजे असल्या किड्यांचं माहेरघर. गाळायची सोय त्यानं स्वतःच केली होती. बूड गेलेलं पत्र्याचं पिंप, तळाला जाळी आणि गोटे, त्यावर चुलीतले कोळसे, त्यावर धुतलेली वाळू. एवढं सगळं फुकटात झालं. अडलं होतं ते पिंपाच्या तोंडावर बांधायच्या कापडापाशी. गोणपाट बांधून पाहिलं, तर किड्यांची अंडी त्यातून खुशाल खाली उतरली आणि हौदात वाढली. जुन्या धोतराला विणीपेक्षा भोकं जास्त. बारीक कापड केनवडच्या बाजारात मिळालं असतं, पण बाजाराला अवकाश होता. इथे पिल्लांना संध्याकाळ दिसते की नाही, अशी गत होती.

तेवढ्यात बांधावरून बबनराव आले. पलीकडचं सगळं वावर त्यांचं. पिल्लं आणल्या दिवसापासून ते हौदात डोकावून जात, आणि पहिला मोठा मासा आपला, हे दरवेळी बजावून जात. आज त्यांनी हातातली काठी अंगापासून लांब धरली होती. काठीच्या टोकाला पांढरं कापड लोंबत होतं.

"देवमन, तुह्यं काम करून टाकलं पाह्य. मलमल हाये, अस्सल. बाजारात कायले पैसे घालतं?"

लिलाबाई, देवमनची बायको, नाल्यावरून बादली भरून येत होती. ती होती तिथेच थांबली.

कापडावर गुलालाचे डाग होते. वाऱ्यासरशी उदबत्तीचा आणि तुपाचा वास आला, आणि त्याच्या खालून आणखी एक. तो वास देवमनला सांगावा लागला नाही. गावातल्या म्हाताऱ्या नानाजींना कालच अग्नी दिला होता. सरणावर ठेवताना प्रेतावरचं कापड काढून मसणातल्या बाभळीवर टाकतात. ते उचलायचा हक्क, काय तो हक्क, पूर्वी देवमनच्या वस्तीचा होता. त्याचा पहिला सदरा आईनं असल्याच कापडाचा शिवला होता. वस्तीनं बुद्धाची वाट धरली त्या वर्षी ते उचलणं बंद केलं, त्याला आता वीस वर्षं होत आली. तेव्हापासून त्या कापडांच्या बाभळीवरच चिंध्या होत.

"हे नानाजीचं हाये," तो म्हणाला.

"मंग? पोरांनी खास वाशिमहून आणलं होतं. वायाच चाललं होतं. तुह्या बापानं सोडलं असतं काय असं?"

"तुमी हात काहून नाही लावला त्याले?"

"मी कसा लावीन? इटाळ होते ना बावा."

"आन् त्याच्यातून गाळलेल्या पाण्यातला मासा खासान?"

बबनरावांचं तोंड कडू झालं. त्यांना ताटातला मासा दिसला होता, देवमनचे हात दिसले होते. मधलं पाणी काही दिसलं नव्हतं.

"धुतलं का झालं," ते पुटपुटले.

देवमननं त्यांच्या खांद्याकडे बोट केलं. खांद्यावर बारीक विणीचं, पांढरंशुभ्र उपरणं होतं.

"मले ते द्या. जित्या माणसाचं चालते."

"माह्यं उपरणं? तुह्या हौदाले?" बबनरावांचा हात झटकन खांद्यावर गेला. तिथं विंचू चढला असता तरी इतक्या घाईनं गेला नसता. मेलेल्याचं द्यायला आलेला हा माणूस स्वतःचं फडकं मुठीत धरून उभा राहिला. देवमनला आता कापडापेक्षा त्याचीच जास्त किळस आली.

लिलाबाईनं बादली खाली ठेवली. खोपटात गेली आणि पांढरं लुगडं घेऊन आली. पुनवेला विहारात नेसायला घेतलेलं, घडीही न मोडलेलं.

"अवं, ते नोको," देवमन म्हणाला.

"पदर ठेवते ना," ती म्हणाली. काठ दातांत धरून तिनं लुगडं टरकावलं.

दोघांनी मिळून ते पिंपाच्या तोंडावर ताणून बांधलं. देवमननं हौदातलं घाण पाणी तळाशी येईपर्यंत उपसलं आणि पिंपात बादली ओतली. काळे किडे वर कापडावरच तडफडत राहिले. खाली पिंपातून पाणी हौदात ठिबकायला लागलं. पहिलं गढूळ आलं, मग निवळत गेलं. पिल्लं त्या धारेखाली गोळा झाली.

"हे धर तं," बबनराव काठी पुढे करत म्हणाले.

कोणी वर पाहिलं नाही. लिलाबाई दुसरी बादली आणायला गेली.

बबनराव तसेच उभे होते. काठी टाकावी तर पायाखाली त्यांचंच वावर. घरी न्यावी तर दारातूनच परत फिरावं लागणार. त्यांनी बांधाच्या दोन्ही अंगाला पाहिलं. ते कापड हातात घेणारं गावात आता कोणी उरलं नव्हतं.

शेवटी काठी समोर लांब धरून ते बाभळीच्या वाटेला लागले. वारा समोरून होता. कापड सारखं त्यांच्याच तोंडावर येत होतं.