जुनी चिठ्ठी

भोकरहून नांदेडला आणल्यापासून महामायाबाईंचा ताप उतरलाच नव्हता, आणि आज तर त्यांनी लेकीलाही ओळखलं नाही. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. लेक लुंबिनी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. जंतू कोणत्या औषधाला दाद देतात ते सांगणारा कल्चरचा रिपोर्ट तिने स्वतःच वाचला. त्यातल्या यादीतली एकही गोळी या जंतूंवर चालत नव्हती. एक इंजेक्शन तेवढं उरलं होतं, आणि ते कालपासून देऊनही ताप तसाच होता.

"आधी कितीदा अँटिबायोटिक घेतलंय यांनी?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदाच, सर. तीन वर्षांपूर्वी हाच त्रास झाला होता तेव्हा, पाच दिवस," लुंबिनी ठामपणे म्हणाली. "मी होस्टेलवरून रोज फोन करून कोर्स पूर्ण करायला लावला होता."

"मग हे जंतू इतके निबर झाले कसे? तेव्हाची औषधांची चिठ्ठी मिळेल का?"

लुंबिनीने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, एवढी जुनी चिठ्ठी कुठं असणार आता?"

"हाय की माय, सोबतच हाय!" लिंबाजींनी लगबगीने पिशवीत हात घातला. आपल्याकडून काहीतरी कामाचं निघालं, या आनंदात त्यांनी चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात ठेवली.



"हिला जरा जळजळ झाली की मेडिकलवर हीच दाखवून दोन गोळ्या आणतो, साहेब. दाखवून दाखवून फाटाया लागली, म्हणून लॅमिनेशन करून घेतलं."