एका रात्रीचे दोन रिपोर्ट

झोपेच्या तपासणीच्या लॅबसाठी डॉ. चारुतांना आज सॉफ्टवेअर पक्कं करायचं होतं. ट्रायलला आलेल्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी मल्हारीचं काल रात्रीचं रेकॉर्डिंग घातलं. वाळूजच्या कारखान्यात मशीनवर डुलकी लागली, म्हणून मल्हारीला तपासणीला पाठवलं होतं. आजार निघाला तर नोकरी जाणार होती. एक सॉफ्टवेअर म्हणालं, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार. दुसरं म्हणालं, काहीच नाही.

चारुतांचा दोन्हींवर विश्वास बसेना. तंत्रज्ञ श्रीधरनं मग दुपारपर्यंत बसून अख्खं रेकॉर्डिंग डोळ्यांनी तपासलं.

"मॅडम, श्वास एकदाही अडकला नाही. पण हा माणूस दर वीस मिनिटांनी दचकून जागा होतोय."

चारुतांनी मल्हारीला आत बोलावलं. "रात्री सारखे जागे का होत होतात?"

तो ओशाळला. "सवयच लागलीय, मॅडम. आमच्याकडं आठ-आठ दिसांनी नळ येतो, त्यो बी रातीचा. दिस नक्की नाय, येळ नक्की नाय. मग रोजच कान नळाकडं."

चारुतांनी रिपोर्टवर 'आजार नाही' असं लिहून सही केली. सॉफ्टवेअर मात्र पहिलंच घेतलं. त्यानं जागं होण्यालाच आजार समजलं, पण किमान जाग तरी पकडली होती, आणि चुकलेला निकाल श्रीधरला त्यात हातानं दुरुस्त करता येत होता.

"मग काल आलं का पाणी?" मल्हारी निघताना त्यांनी विचारलं.

"आलं म्हणं, पहाटं. पण बायकोचा डोळा लागला होता. तिला उठवायला मी घरी नव्हतो."