नकाराची तालीम

"म्हण," सुलेखा मॅडम म्हणाल्या.

"नाही जमणार, सर."

"माफी मागितल्यासारखं नको. पोटातून म्हण, पुन्हा."

विद्यापीठामागच्या डोंगरावर सत्यशीला आणि तिच्या ज्येष्ठ सहकारी सुलेखा मॅडम बसल्या होत्या. खाली उतरत्या उन्हात शहर तरंगत होतं, स्वप्नात पाहिल्यासारखं. सत्यशीला वनस्पतिशास्त्र शिकवायची. कन्नड तालुक्यातल्या मेंढपाळांच्या वस्तीतून प्राध्यापक झालेली ती पहिलीच, म्हणून प्रत्येक समितीवर तिचं नाव असायचं. स्वागत, सत्कार, वसतिगृह. 'तुमच्या समाजाचं कुणीतरी हवं ना, मॅडम.' डोंगरी गवतावरचा तिचा शोधनिबंध तेवढा अर्धवट राहिला होता, आणि त्याच्यावाचून बढती अडली होती.

"घसाच बसतो हो," ती म्हणाली. "मोठ्या माणसाला नाय म्हणायचं म्हणजे लई अवघड."

"मेंढरं पिकात शिरली की काय करायचीस?"

सत्यशीला हसली. मग उभी राहिली, डोळे मिटले. वाऱ्याला वाळल्या गवताचा वास होता. क्षणभर तिला वाटलं, अंगावर साडी नाही, परकर आहे. पायाखालचं रानही गावाकडचंच.

"नाऽऽय!"

समोरच्या उतारावर चरणाऱ्या गुरांनी माना वर केल्या.

मॅडम हसत होत्या, तेवढ्यात तिचा फोन वाजला. विभागप्रमुख होते.

"मॅडम, परिषदेच्या स्वागत समितीत तुमचं नाव टाकलंय."

"नाही सर. या वेळी जमणार नाही."

"अहो, का?"

"गवतावरचा निबंध पुरा करतेय."

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं. बघतो दुसरं कुणी."

सत्यशीलानं फोन पिशवीत टाकला. तिनं मॅडमकडं पाहिलं. त्याही आपल्या वस्तीतून इथं शिकवायला आलेल्या पहिल्याच. जन्मभर समित्या सांभाळल्या. लिहायचं ठरवलेलं पुस्तक राहूनच गेलं. येत्या उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या.

"तुम्ही पहिल्यांदा कुणाला नाही म्हणालात, मॅडम?"

सुलेखा मॅडम उठल्या, पदर खोचला, उताराच्या कडेशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली दिवे लागत होते. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही.

सत्यशीला त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"पोटातून, मॅडम," ती हळूच म्हणाली.