पक्की शिवण

फोन आला तेव्हा वाचनालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि माझी कादंबरी चकचकीत कागदात, लाल रिबिनीत बांधून टेबलावर तयार होती.

"स्वतःच छापलंय म्हणे तुम्ही? आधी सांगायचं की हो," प्रमुख पाहुणे म्हणाले. "असल्या प्रकाशनाला मी येत नाही. दोन वर्षं दम धरला असतात, तर एखादा प्रकाशक मिळाला असता."

"अकरा वर्षं धरला, सर. आता कार्यक्रम वेळेवर सुरू करते," म्हणून मी फोन ठेवला.

तिसऱ्या रांगेत यमुनाक्का बसल्या होत्या. माझ्या तीनशेच्या तीनशे प्रती त्यांनी हातानं शिवल्या होत्या. माइकवरून मी त्यांचंच नाव पुकारलं. त्या लाजत वर आल्या. पाहुण्यांच्या खुर्चीत त्यांना बसवलं आणि पाहुण्यांसाठी आणलेली शाल त्यांच्याच खांद्यावर घातली.

रिबीन सोडून प्रत लोकांपुढे नुसती धरायची असते, हे त्यांना कुठलं माहीत? त्यांनी कागद काढला, पुस्तक मधोमध उघडलं, पानं मुठीत धरली आणि जोर लावून ओढली.

एकही पान हललं नाही.

"पक्कं हाय," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "आता ह्येला कोण फाडतंय बघू. ताई, पुढलं कवा देताय शिवायला?"

"पाडव्याला!" मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. पुढच्या पुस्तकाची तेव्हा एक ओळही लिहिलेली नव्हती.