डोळे मिटून मतदान

चहाच्या ट्रेमध्ये, बिस्किटांच्या बशीशेजारी, उजगरे सरांनी पुरावा म्हणून एक काळा दगड ठेवला. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या नगरच्या ख्रिस्ती कुटुंबांची बैठक होती.

"हा दगड सहा कोटी वर्षांचा, असं मार्थाबाई आपल्या लेकरांना शिकवतात. बायबलप्रमाणे अख्खी पृथ्वीच सहा हजार वर्षांची. बाईंना काढा, नाहीतर मी निघतो."

"दगड तुमच्याच अंगणातला आहे, भाऊ," मार्थाबाई म्हणाल्या.

करुणा मनात हिशेब करू लागली. सगळ्या मुलांचं गणित-विज्ञान बाईच बघत. त्या गेल्या, तर बाहेरून दहावीला बसणाऱ्या तिच्या लेकीला शिकवणार कोण?

मनात अढी राहू नये म्हणून चर्चच्या पाळकांनी रिवाजाप्रमाणे सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "बाईंना काढावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

करुणाला राहवेना. तिनं एक डोळा किलकिला केला. वर होते जेमतेम तीन हात. उजगरे सरांचे दोन्ही हात मात्र मांडीवर, घट्ट जुळलेले. आणि समोर मार्थाबाईही टक्क उघड्या डोळ्यांनी तेच बघत होत्या.

"ठराव पडला," पाळक म्हणाले.

सरांनी खेदानं मान हलवली. "मंडळी ढिली पडली हो."

बाईंनी त्यांच्यापुढे चहा धरला. "मग निघताय, भाऊ, की मंगळवारी लेकीला माझ्याकडे शिकायला पाठवताय?"

"पाठवतो की. प्रश्न तत्त्वाचा होता."

करुणानं घाईघाईनं पुन्हा डोळे मिटले. उघडे ठेवले असते, तर हसू फुटलं असतं.