खंजिरीचे तीन थर

"पुन्हा चुकले, बाबा," आचल म्हणाली आणि तिनं पायाखालचं बटण दाबलं.

पंजाबराव खंजिरी मांडीवर ठेवून हसले. "मी नाई चुकलो. तुहा घाणाच सरकून राहिला."

घाणा म्हणजे आचलचा लूपर. पायाशी ठेवायची लहानशी पेटी. एकदा दाबली की वाजवलेलं धरून ठेवते, पुन्हा दाबली की तेच फिरवून फिरवून ऐकवते. त्यावर दुसरा थर चढवा, तिसरा चढवा, एकटी पोरगी अख्खा बँड होते. आचल व्हायोलिनवर ब्राझीलचा ठेका वाजवायची. गज तारांवर ओढायचा कमी, आपटायचा जास्त. शेजारीपाजारी म्हणत, हे काय वाजवणं झालं? पंजाबरावांनी मात्र पहिल्यांदा ऐकलं आणि त्यांची बोटं मांडीवर आपोआप चालू लागली. तिकडेही अशीच चकत्या लावलेली, हातात धरून वाजवायची खंजिरी असते, हे कळल्यावर तर ते खूशच झाले. "म्हंजे ते लोक मोझरीच्या आश्रमात भजनाले येऊन गेले म्हन नं!"

चांदूर बाजारच्या आसपास त्यांच्यासारखी खंजिरी कोणाची नव्हती. भजनात कोणी सूर सोडत, कोणी शब्द विसरत, पण पंजाबरावांचा ठेका तसूभर हलत नसे. आज तोच हलत होता. आणि उद्या अमरावतीला कार्यक्रम होता. बाप-लेक पहिल्यांदाच एका मंचावर बसणार होते.

पंजाबराव शेतातून आले तेव्हा दिवस कलला होता. त्या साली कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. अळी हटत नव्हती आणि फवारणी संपत नव्हती. साऱ्या गावालाच औषधाचा वास मारायचा, त्यामुळे नाकाला आता काही कळत नसे. पंजाबरावांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते न्हाणीकडे निघाले तर आचलनंच अडवलं. "आधी तीन थर करून घेऊ, मंग करा आंघोळ." लेकीचा हट्ट. बसले बिचारे चटईवर.

पहिला थर बरा गेला. दुसऱ्याला हात मागे पडू लागला. तिसऱ्याला तर थाप कुठे आणि चकत्या कुठे, आणि शेवटी खंजिरीच हातातून निसटली. तेव्हा आचलनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. कपाळ घामानं डबडबलेलं. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ. जीभ जड. हे सगळं तिनं लहानपणी रोज पाहिलं होतं.

"बाबा, तुमी पिऊन आले?"

"नाई वं माय. मोझरीले शपथ घेतली नं मी."

शपथ घेतली होती, खरं आहे. पण प्यालेला माणूस तरी दुसरं काय सांगतो?

आचलची आई, कौशल्याबाई, दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याच्या डोलणाऱ्या मानेकडे तिनं एकदाच पाहिलं. "मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "कुठी टिकते यांची शपथ!" आणि डोळे पुसत चुलीकडे गेली. उतारा म्हणून तिनं लिंबू पिळून आणलं, जसं जुन्या दिवसांत आणायची. पंजाबराव मुकाट्यानं प्याले. पेला दातांवर वाजत होता.

"नाई प्यालो म्या, कौशल्ये."

कौशल्याबाईनं रिकामा पेला काढून घेतला.

आचलला रडू येत होतं आणि रागही येत होता. उद्याचा दिवस यांनी मातीत घातला! "तुमी उद्या येऊच नका," ती म्हणाली. "मी पेटीसंगच वाजवीन." पहिला थर तेवढा ठेवावा, बाकीचे पुसावेत म्हणून तिनं पेटी चालू केली. तिन्ही थर एकदम खडखडले. तिनं वरचा काढला. खडखडाट कमी झाला. दुसरा काढला. उरला तो पहिला, जवळजवळ नेहमीसारखा, ठाम.

तिचा पाय बटणावर तसाच राहिला.

पहिल्या थराला बाबा बरे होते. दुसऱ्याला ढिले पडले. तिसऱ्याला पार गेले. आणि तिन्ही थर या चटईवर, तिच्या डोळ्यांसमोर झाले होते. मधे त्यांनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. मग समोर बसलेल्या माणसाला, न पिता, चढत कशी गेली?

ती उठली आणि तिनं त्यांच्या तोंडाशी नाक नेलं. लिंबाचा वास. नुसता लिंबाचा. सावरायला म्हणून तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पंख्याखाली इतका वेळ बसूनही सदरा ओलाच होता, आणि हाताला चिकट लागला. तिनं तळवा हुंगला. फवारणीचं औषध; पाठीवरचा पंप दिवसभर गळून ते अंगात मुरलं होतं. तिनं त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"आई! पयत जा, कोनाची तरी गाडी आन!" सदरा टराटरा फाडत ती ओरडली. "बाबा प्याले नाईत वं! बाबा प्याले नाईत!"

कौशल्याबाईच्या हातातला पेला पडला. ती अनवाणीच रस्त्यावर धावली. कोपऱ्यात पेटी पहिला थर फिरवत होती. पंजाबरावांची मान लेकीच्या खांद्यावर कलंडली. श्वास घरघरत होता, पण चेहरा असा खुलला होता, जसा कार्यक्रम चांगला झाल्यावर खुलायचा.

"पटलं नं?" ते म्हणाले.